नवरी मडाव्यांची

धुरपताबाई सूप शोधत गुरांच्या कोठ्यात शिरल्या आणि दारातच थांबल्या. कोठ्यात मांडव पडला होता. गुरं बाहेर लिंबाखाली बांधलेली, आणि त्यांच्या जागी एका फळीवर बांबूच्या कमच्यांचा हातभर उंचीचा मांडव. वर कागदाची हिरवी पानं, मधोमध खांब. खांबाजवळ वीतभर उंचीचा नवरदेव, डोक्याला बाशिंग. शेजारी तेवढीच नवरी, लाल लुगड्यात, गालांवर हळद. मागे हिरवागार डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी वाजंत्री, आणि वाजंत्र्यांच्या पुढे दोन पायांवर उभं राहून नाचणारं एक अस्वल.

अस्वलाचं धुरपताबाईंना काही वाटलं नाही. चिचगडात मोहाची फुलं पडायला लागली की अस्वल कोणाच्याही दारात येतं. त्या बघत होत्या नवरीच्या गालाकडे.

"लगन कोनाचं आहे वो?" त्यांनी विचारलं.

प्राचीचं लक्ष नव्हतं. तीन बांबूंच्या तिकाटण्यावर मोबाईल बांधून ती त्यात डोळा घालून बसली होती. "ह्या दोघाईचं," ती म्हणाली.

"पोरगा कोनाचा?"

"माहाच. मीच बनवला."

"अन् पोरगी?"

"तेबी मीच बनवली. आत्या, बाजूला सरक ना, उजेड अडून राहिला."

धुरपताबाई सरकल्या नाहीत. "म्हनजे पोरगा बी उईक्याचा अन् पोरगी बी उईक्याची," त्या सावकाश म्हणाल्या. "दोघंबी सहा देवाचे. भाऊ-बहीन होतेत ते, पोरी."

प्राचीने मोबाईलमधून डोळा काढला. गोंडांच्या घरात पाढे पाठ व्हायच्या आधी ही गोष्ट पाठ होते. कोणाचं कूळ सहा देवांचं, कोणाचं सात देवांचं. सहावाले सहावाल्यांचे भाऊ, सोयरीक करायची ती सातवाल्यांशी. प्राचीलाही हे ठाऊक होतंच. फक्त तारेला कापूस गुंडाळताना, तळ्याच्या मातीची तोंडं वळताना आणि त्यांना गुंजेचे डोळे लावताना तिला एकदाही हे आठवलं नव्हतं.

"आत्या, बाहुल्या आहेत त्या."

"बाहुल्या आहेत म्हनून का भावा-बहिनीचं लगन लावशीन?"

आता याला काय उत्तर द्यावं? आणि तेही धुरपताबाईंना? ही बाई म्हणजे प्राचीच्या वडिलांची थोरली बहीण. सासर चार घरं सोडून, पण मुक्काम सदा माहेरी. देवरी तालुक्यातली निम्मी लग्नं तिने जुळवलेली, आणि त्यात देवांची चूक एकदाही नाही. नियम म्हणजे नियम. एका घरात एका वर्षात दोन मांडव पडू नयेत म्हणून तिने एकदा पोलीस पाटलाच्या मुलीची ठरलेली तारीख पुढच्या सालावर ढकलली होती, आणि पोलीस पाटील हूं की चूं करू शकला नव्हता. तिच्या शब्दाबाहेर बिसराम उईके, म्हणजे प्राचीचे वडील, पाणीसुद्धा पीत नसत.

आणि प्राचीचं घोडं नेमकं तिथेच अडलेलं होतं. नागपूरला चित्रकला शिकून ती घरी आली होती, आणि हैदराबादच्या एका कंपनीने जाहिरात दिली होती. ही कंपनी अशाच, हाताने घडवलेल्या बाहुल्यांच्या फिल्मा बनवते. बाहुली उभी करायची, फोटो काढायचा. हात तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे फोटो भराभर दाखवले की बाहुली चालते, नाचते. दिवसभर घाम गाळावा तेव्हा नवरदेव चार पावलं टाकतो. दोन मिनिटांची फिल्म सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. पसंत पडली तर वर्षभर तिकडे राहून शिकायचं, मग तिथेच काम. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "बाईले विचार." बाईला, म्हणजे आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "एकटी पोरगी परमुलखात? आधी लगन, मंग हैदराबाद." सडक अर्जुनीचं एक स्थळ तिच्या मनात होतं. मुलाचं हायवेवर टायरचं दुकान होतं आणि तो येत्या गुरुवारी बघायला येणार होता. फार रडारड झाल्यावर आत्याने एवढंच कबूल केलं, की कंपनीचा फोन आला तर पाहू. प्राचीचं सगळं नशीब त्या "पाहू"वर टांगलेलं होतं.

फिल्मही बऱ्यापैकी झाली होती. नवरीची वरात जंगलातून नवरदेवाच्या दारी येते, वाटेत मोह खायला आलेलं अस्वल डफड्याच्या तालावर नाचायला लागतं आणि वरातीबरोबर थेट मांडवात येतं. आता फक्त फेरे राहिले होते. आज शुक्रवार. वाद घालायला वेळ कोणाला होता?

"बरं बाई," प्राची म्हणाली. "पोरगी मडाव्याची समज. मडावी सात देवाचे. झालं?"

"कोनत्या मडाव्याची?"

कोठ्याच्या दारातून पलीकडचं अंगण दिसत होतं. "ह्या चमेली मामीची," प्राचीने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

धुरपताबाईंचा चेहरा निवळला. "मंग ठीक आहे," म्हणून त्या सूप न घेताच गेल्या. प्राचीला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय. अस्वलाचा पाय अजून खाली टेकला नव्हता, तोच चमेलीबाई मडावी डोक्यावर पदर घेऊन कोठ्यात हजर. मागे धुरपताबाई. चमेलीबाईंना तिन्ही मुलगेच. पोरगी व्हावी म्हणून त्यांनी किती देवांना कोंबडी कबूल केली होती ते देवांनाच ठाऊक. अशा बाईला कोणी सांगितलं की तुझी एक पोरगी आहे, तिचं लग्न ठरलंय आणि ती शेजारच्या गुरांच्या कोठ्यात उभी आहे, तर ती घरात बसेल का?

"कुठी आहे माही पोरगी?" त्यांनी विचारलं. मग वाकून नवरीला नीट बघितलं. "लुगडं कायचं आहे इचं?"

"रुमालाचं," प्राची म्हणाली.

"माही पोरगी रुमाल नेसून फेरे घेईन?"

"मामी, मोबाईलमंधी नाही समजत ते."

"मले समजते ना." चमेलीबाईंनी बोटाने नवरीचा हात चाचपला. "केवढी वाळली आहे. अन् लगनाआधीच नवरदेवाच्या घरी? कितीक दिवसापासून आहे इथी?"

प्राची स्वभावाने खरं बोलणारी मुलगी. "महिना झाला," ती म्हणाली.

दोन्ही बायांनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं प्राचीला फार आवडलं नाही. चमेलीबाई नवरीला उचलायला लागल्या, पण नवरी उचलेना.

"अवो मामी, ओढू नको. तिचे पाय फळीवर खिळ्यानं पक्के केले आहेत. नाहीतं पडते ते."

"खिळे ठोकले?" चमेलीबाई म्हणाल्या. "पोरीच्या पायात?"

झालं. पुढे प्राचीने काय काय समजावलं ते सांगण्यात अर्थ नाही. धुरपताबाईंनी स्वतः खिळे काढून दिले, चमेलीबाईंनी नवरीला पदरात गुंडाळलं आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "लगन करायचं असन तं रीतीनं मागनी घालाले या."

कोठ्यात नवरदेव, अस्वल आणि प्राची असे तिघे उरले. तिघांचाही एक एक पाय अधांतरी होता.

बिसराम संध्याकाळी जंगलातून आले. वनखात्यात मजूर, दिवसभर वणवा अडवायच्या पट्ट्यातला पाला ओढून कंबर मोडलेली. खाटेवर टेकतात न टेकतात तोच बहिणीने हुकूम सोडला.

"बिसराम, उद्या सकाळी मडाव्याकडं मागनी घालाले जाचं आहे."

"कोनासाठी?"

"प्राचीच्या पोरासाठी."

बिसरामनी प्राचीकडे पाहिलं. प्राचीने घाईघाईने सगळी हकीकत सांगितली. त्यांनी डोकं खाजवलं. "बाई, मी बाहुल्याची मागनी घालाले जाऊ? लोक काय म्हनतीन?"

"लोक तं तिथी आधीच येऊन बसतीन. तू लवकर ये."

आणि खरोखरच शनिवारी सकाळी मडाव्यांच्या पडवीत अर्धी आळी येऊन बसली होती. तेंदूपत्त्याला अजून अवकाश, मोह वेचून झालेला, अशा दिवसांत फुकटचं लग्न कोणाला नको असतं? बिसराम धुतलेला सदरा घालून खाली मान घालून बसले. मधे पाटावर नवरी आणून ठेवली.

प्राचीने तिला बघितलं. नवरी दुप्पट झाली होती. दंड फुगलेले, कंबर नाहीशी झालेली, गाल तेवढे मातीचे म्हणून वाचलेले. अंगावर पिवळंधमक लुगडं, नाकात मोरणी.

"मामी, हे काय केलं?"

"कापूस भरला जरासा. सासरचे म्हनतीन, मायनं खाऊ नाही घातलं."

"अन् लुगडं?"

"माह्या भावानं देल्लं होतं मले, राखीले. त्याचा काठ कापला." चमेलीबाईंनी नवरीचा पदर सारखा केला. "पोरीसाठीच ठेवला होता. पोरगी झालीच नाही."

प्राचीचं भांडण तिथेच मिटलं. तिला वाईट वाटलं, आणि स्वतःच्या फिल्मचंही तेवढंच वाईट वाटलं. आता तिच्या फिल्ममध्ये एक नवरी लाल लुगड्यात काडीसारखी जंगलात शिरणार होती आणि पिवळ्या लुगड्यात दुप्पट होऊन बाहेर येणार होती. मोहाच्या झाडाखाली तिने एवढं काय खाल्लं, हे हैदराबादच्या लोकांना कोण समजावून सांगणार? सगळं पुन्हा काढायचं तर महिना हवा. हातात दोन दिवस.

इकडे बोलणी सुरू झाली. चमेलीबाईंच्या अटी तीन. पोरीच्या पायात खिळे ठोकायचे नाहीत. पोरीला आम्हीच वाजतगाजत आणू, मधल्या मधे कोणी उचलून न्यायची नाही. आणि वरातीत अस्वल नको.

पहिल्या दोन अटींना बिसरामनी मान हलवली. तिसरीला प्राचीने त्यांना कोपराने ढोसलं.

"अस्वल पाहिजे," बिसराम म्हणाले.

"कायले?"

बिसरामना कारण ठाऊक नव्हतं. त्यांनी प्राचीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने बोलले. "आमच्याकडचं पाहुनं आहे ते."

पाहुणा म्हटल्यावर चमेलीबाईंचा नाइलाज झाला. "मंग नवरीपासून दूर उभं करजा," एवढंच त्या म्हणाल्या. मोहाची शिशी निघाली, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दोन थेंब पडले आणि सोयरीक पक्की झाली. धुरपताबाईंनी तारीख सांगितली. "उद्या. प्राचीले सोमवारच्या आत पाहिजे आहे सारं."

लग्न पाहावं करून म्हणतात ते उगीच नाही. रविवारी सकाळी उन्हं अंगणात उतरायच्या आत डफडं वाजायला लागलं. मडाव्यांचं घर ते उईक्यांचा कोठा, मधे एक चिंच आणि एक हापसा, एवढीच ती वाट. वरातीने ती इतकी लांबवली की बिसराम दोनदा बघून आले, कुठे अडली म्हणून. पुढे चमेलीबाई, हातातल्या सुपारीच्या तबकात नवरी. मागे आळीतल्या बाया गाणी म्हणत. गाण्यात नवरदेवाकडच्यांची यथेच्छ उणीदुणी. नवरदेव मातीच्या तोंडाचा आहे, त्याला बोलता येत नाही, त्याचा बाप कोण ते कोणाला ठाऊक नाही, असं सगळं खरं खरं त्यांनी गाण्यात घातलं होतं.

नवरी मांडवात उभी राहिली. खिळे नव्हते, म्हणून चमेलीबाईंनी तिचे पाय मेणाने चिकटवू दिले. प्राचीने मोबाईल लावला आणि नवरीचा पाय पुढे सरकवायला हात घातला.

"हात काढ," धुरपताबाई म्हणाल्या. "तू नवरदेवाची माय आहेस. फेरे होईपर्यंत नवरीले नाही शिवाव."

"मंग नवरदेवाले तरी शिवू दे."

"त्याले आत्या फिरवते. मी आहे."

प्राचीला आता वाद घालायचं त्राणही राहिलं नव्हतं. तिने दोघींना समजावलं. माझ्या "हं" बरोबर आपापलं माणूस तांदळाच्या दाण्याएवढं सरकवायचं, हात बाहेर काढायचा, मग मी फोटो काढीन. दोघींनी माना डोलावल्या. नवरीवर चमेलीबाईंचा हात, नवरदेवावर धुरपताबाईंचा. आणि फिल्मचे फेरे सुरू झाले.

पहिली काही पावलं छान पडली. मग चमेलीबाईंनी हात आखडला.

"माही पोरगी कितीक खेपा पहिले चालन? आता पोरगा सरकव."

"नवरदेवाच्या मांगं नवरी चालते, इहीनबाई."

"मागंच आहे ना. पन तुमचा पोरगा पाहा, मान वर करून उभा आहे. जरासा वाकव त्याले. माही पोरगी सारखी खाली पाहून राहिली."

"आमच्यात नवरदेव नाही वाकत."

"मंग आमच्यात नवरी नाही सरकत."

"हात काढा ना दोघीबी," प्राची म्हणाली. "फोटोत येऊन राहिले हात."

हात निघाले नाहीत. चमेलीबाईंनी पटकन नवरदेवाची मान दाबली. धुरपताबाईंनी ती सरळ केली आणि जाता जाता नवरीचा पदर खाली ओढला. चमेलीबाईंनी पदर वर घेतला. दोन्ही बाजूंच्या बायांना गाण्याला नवीन विषय मिळाला. प्राची आधी ओरडत होती, मग विनवत होती, मग नुसतंच बटण दाबत राहिली. फोटोत काय येतंय ते बघायचंसुद्धा तिने सोडून दिलं.

फेरे संपत आले तशी टिकावण सुरू झाली. टिकावण म्हणजे नवरा-नवरीच्या कपाळी हळद-तांदळाचा टिळा लावायचा आणि हातात काहीतरी भेट ठेवायची. आता वीतभर नवऱ्याचं कपाळ ते केवढं? एका टिळ्यात नाकापर्यंत झाकलं जायचं. दुसऱ्या टिळ्याला बाशिंग गेलं. भेटी म्हणून बाया वाटी, चमचा, पळी असं काही काही मांडवाच्या फळीवर ठेवत गेल्या, आणि नवरा-नवरी भांड्यांत बुडाले. तांदूळ सगळीकडे सांडलेला. तांदूळ सांडल्यावर कोंबड्यांना निमंत्रण लागत नाही. एक तांबडी कोंबडी डोंगरावरून चालत मांडवात आली, तिने अस्वलाला चोच मारली, नवरदेवाच्या कपाळावरचे दाणे टिपले आणि वाजंत्र्यांना आडवं करून शांतपणे निघून गेली. प्राचीचं बोट बटणावरच होतं.

बाहेर जेवणं झाली. आंबील, भात, वरण, वर कोणाच्या तरी घरची कोंबडी. ती तांबडी नव्हती, तेवढी दया झाली.

सोमवारी बिसरामनी प्राचीला गाडीवर मागे बसवून देवरीला नेलं, कारण चिचगडात नेट कधी येतं कधी जातं. तिथे एका दुकानाच्या पायरीवर बसून तिने सगळे फोटो जोडले आणि पहिल्यांदा फिल्म पूर्ण पाहिली. दीड मिनिट सगळं सुरेख. मग नवरी अचानक फुगते. मग आभाळातून चार हात येतात, बांगड्या घातलेले, आणि नवऱ्या-नवरीवरून झोंबाझोंबी करतात. मग पळ्या पडतात. मग हत्तीएवढी कोंबडी येते. फिल्म संपते. प्राचीला रडू आलं. बिसराम शेजारी उभे होते. त्यांना एवढंच सुचलं, "अस्वल चांगलं आहे वो."

तिने फिल्म पाठवून दिली. न पाठवण्यापेक्षा बरी, एवढाच विचार. गुरुवारी टायरवाला येणारच होता.

बुधवारी दुपारी फोन आला. घरात धुरपताबाई होत्या आणि विहीण म्हणून आता दिवसातून तीनदा चमेलीबाईही असायच्या. धुरपताबाईंनी बजावलं, "मोठ्यानं लाव." प्राचीने स्पीकर लावला. पलीकडून एक बाई हिंदीत बोलत होती.

"प्राचीजी, आपकी फिल्म हमने चार बार देखी. ऑफिस में सब हँस-हँसकर पागल हो गए. वो हाथ किसके हैं?"

"दो मेरी आत्या के हैं. दो... दुल्हन की माँ के."

"आख़िर तक पता नहीं चला कि जीता कौन."

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

प्राचीची निवड झाली होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. हैदराबादच्या बाईंनी शेवटी एक सांगितलं, "और हाँ, दूल्हा-दुल्हन दोनों को साथ लाइए. बाकी लोगों को दिखाने हैं."

फोन बंद झाला. बिसराम दाराला टेकून उभे होते. त्यांनी नेहमीचं "बाईले विचार" तोंडात घोळवलं आणि गिळून टाकलं. प्राची आत्याच्या तोंडाकडे बघत होती. सगळं त्या "पाहू"वर येऊन ठेपलं होतं, आणि धुरपताबाईंनी तर खरंच डोळे मिटून विचार करायला घेतला होता.

"नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "नवी सून पहिल्या सालात परमुलखात नाही जात."

"जातेच कशी?" चमेलीबाई म्हणाल्या. "अखाडीच्या सणाले माहेरी आणा लागते तिले. माही पोरगी मी हैदराबादले नाही पाठवत."

दोघींचं एवढं एकमत लग्नात एकदाही झालं नव्हतं. प्राची नवरीची बाजू घेऊन अर्धा तास झगडली. तिकडे चांगले लोक आहेत, राहायची सोय आहे, कंपनी नावाजलेली आहे. स्वतःसाठी घोकून ठेवलेलं एक एक वाक्य तिने बाहुलीसाठी खर्च करून टाकलं. काही उपयोग झाला नाही.

"पोराले घेऊन जा," धुरपताबाई म्हणाल्या. "पोरानं कामाले बाहेर जाव. सून इथीच राहीन."

"बरं," प्राची हरल्यासारखी म्हणाली. मग जिवाचा धडा करून तिने विचारलं, "अन् मी?"

"तू काय?"

"मी जाऊ?"

"तुले कोन धरून ठेवलं आहे?"

बिसराम दाराला टेकले होते ते सरळ झाले. प्राचीला आपल्या कानांवर विश्वास ठेवावासा वाटेना. "अन् उद्या ते सडक अर्जुनीवाले?" तिने विचारलं.

"त्याईले रविवारीच फोन करून देल्ला मी," धुरपताबाई म्हणाल्या. "नका येऊ म्हनलं. एका घरात एका सालात दोन मांडव नाही पडत. आमच्या घरचा मांडव पडला आता."

एवढं म्हणून त्या उठल्या. प्राची त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघायला लागली, पण त्या चेहऱ्यावर नेहमीसारखा नियमच होता, दुसरं काही नाही. शुक्रवारी त्या कोठ्यात नेमकं काय शोधत आल्या होत्या, कधी काय ठरवलं, हे त्यांना विचारायची हिंमत चिचगडात अजून कोणात नाही.

दारात जाऊन त्या थांबल्या. "जायच्या आधी तुहा तो हिरवा डोंगर सोडव जरा," त्या म्हणाल्या. "माहं सूप आहे त्याच्याखाली."